हवेतला क्रूस

"डोळे मिटा," फादर म्हणाले, आणि मी मिटले.

चर्चच्या मोठ्या दारात, पायरीवर, आम्ही काही जण उभे होतो. ज्याले ख्रिस्ती व्हायचं आहे त्याले पहिल्या दिवशी असंच दारात उभं करतात. फादर आतून चालत येतात आणि विचारतात, तुम्हाले काय पाहिजे? आपण म्हणायचं, श्रद्धा. मंग आपल्यामागे उभी असलेली धर्माई, म्हणजे आपली हमी घेणारी बाई, समोर येते आणि आपल्या अंगावर अंगठ्याने क्रूस काढते. कपाळावर, कानांवर, डोळ्यांवर, ओठांवर, छातीवर, खांद्यांवर, हातांवर. शेवटी पायांवर. त्यासाठी तिले खाली बसावं लागते. एवढं झालं का आत घेतात, आणि तिथून पुढे काही महिने शिकवणी चालते, ईस्टरले बाप्तिस्मा होतपर्यंत.

माझी धर्माई ग्लोरियाआंटी. मी तिले ओळखतही नव्हती. माझं त्या चर्चमधे कोणीच नव्हतं, म्हणून फादरनी तिले माझ्यामागे उभं केलं होतं. पॅरिशमधली, म्हणजे त्या चर्चच्या मंडळीतली, बडी बाई. वेदीवरची फुलं तिची, गाणाऱ्या पोरी तिच्या, पहिला बाक तिचा.

डोळे मिटून मी वाट पाहून राहिली होती. पावडरचा वास आला. बांगडी वाजली. कपाळासमोरून काहीतरी सरकून गेलं, माशी जाते तसं. बांगडी कानापाशी वाजली, मंग डोळ्यांपाशी, मंग ओठांपाशी. फादर एकेका अवयवाचं नाव घेऊन राहिले होते आणि बांगडी वाजून राहिली होती. पायांचं नाव घेतलं तेव्हा बांगडी कमरेपाशीच वाजली.

अंगठा लागला नाही. कुठेच नाही.

आणि मले काय वाटलं? काहीच नाही. मले वाटलं हे असंच असते. देवाचा क्रूस आहे बापा, तो काय बोटाने गिरवायचा असते? बाजूले उभे होते त्यांचेही डोळे मिटलेले, विचारायचं कोणाले? मी तं रडली होती त्या दिवशी. आनंदाने रडली होती. ते रडणं आठवलं का आता थुंकावंसं वाटते.

तिथे मी गेली काहून, तेही सांगते. तेव्हा मी नागपूरजवळ वाडीले ट्रान्सपोर्टच्या गोदामात पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवायची. एकदा एक खोकं फुटलं आणि त्यातून शुभवर्तमानाच्या पातळ मराठी पुस्तिका निघाल्या. पोरांनी त्यावर जेवणाचे डबे ठेवले. मी एक उचलून घरी आणली. त्यात त्या कुष्ठरोग्याची गोष्ट होती. अख्खं गाव ज्याले लांब ठेवते तो माणूस येते, आणि हा येशू काय करते? हात लावते. नुसतं बोलून बरा करता आला असता त्याले. पण आधी हात लावला. मी ते परत परत वाचलं. मनात म्हटलं, देव पाहिजे तं असा पाहिजे, हात लावणारा.

घरी बाबांले सांगितलं. माझे बाबा महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई होते. त्यांच्या बापाने, माझ्या आजोबाने, छप्पन साली याच शहरात जुना धर्म टाकून दिला होता. आमच्या घरात बुद्धाची तसबीर. बाबा चिडले नाहीत. चिडले असते तं बरं झालं असतं. तंबाखू मळता मळता म्हणाले, "देव कोणता पाहिजे तो धर. पण आपण एका दारातून उठून आलो न बाई. तू काहून दुसऱ्या दारात जाऊन उभी राहून राहिली?"

मी म्हटलं, "बाबा, तिथे तसं नाही."

मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

बाप्तिस्म्याच्या वेळी नवीन नाव घ्यायचं असते. आंटीने एक नाव सुचवलं. छान नाव होतं, मी घेतलं. मागाहून कळलं, ते तिच्या जुन्या मोलकरणीचं नाव होतं. "बहुत अच्छी थी बेचारी," असं आंटीनेच मले एकदा सांगितलं, कौतुकाने. आपण काय बोलून राहिलो हे तिले समजलंही नाही. आणि दृढीकरणाच्या वेळी, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करतात तेव्हा, धर्माईने आपल्या खांद्यावर हात ठेवायचा असते. तिने ठेवला. म्हणजे दोन बोटं. तीही ओढणीवर.

आंटीचं एक वाक्य अख्ख्या पॅरिशले पाठ होतं. "वुई वेअर ब्राह्मिन्स, यू नो. ओरिजिनली." पाहुणे आले, नवीन फादर आले, नवीन सिस्टर आल्या, का चहासोबत हे वाक्य. शेकडो वर्षं झाली बाप्तिस्मा होऊन, पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर पाणी पडून राहिलं, आणि जात मात्र कोरडी ठणठणीत. मी ऐकायची आणि हसायची. मोठ्या माणसाची हौस, म्हणून सोडून द्यायची. माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडली नसती.

पुढे मराठी लोक यायला लागले. बुटीबोरीचे कामगार, दवाखान्यातल्या आया, एक रिक्षावाला, एक रेल्वेतला. फादरांचं मराठी तोडकंमोडकं. मले म्हणाले, तू शिकव. मी कॅटेकिस्ट झाली, धर्म शिकवणारी. इंग्रजी बॅच आंटीची, हॉलमधे, कूलरखाली. मराठी बॅच माझी, सायकलस्टँडच्या शेडमधे. नागपूरचा पत्रा उन्हाळ्यात कसा तापते हे मी काय सांगू. आमच्यातल्या एका मावशीने ओला पंचा डोक्यावर घेऊन प्रभूची प्रार्थना पाठ केली. मले त्याचंही काही वाटलं नाही. शिकवायले मिळून राहिलं होतं, त्यातच मी खूश. आंटी पाहुण्यांले माझी ओळख करून द्यायची, "ये हमारी मराठीवाली है. बहुत मेहनती." तिनेच सुचवलेलं नाव होतं माझं, पण तेही तिने कधी घेतलं नाही.

दोन्ही बॅचचा दारातला विधी वेगवेगळ्या रविवारी व्हायचा. त्यांचा इंग्रजी मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, आमचा मराठीत. त्यांचा विधी कसा होते हे मी कधी पाहिलंच नाही.

आणि आमच्या विधीची तालीम घ्यायची मी. धर्माया आणि धर्मबाप यांले रांगेत उभं करायची आणि शिकवायची. "अंगठा एक पेर दूर ठेवा. टेकवू नका. पायांच्या वेळी वाकायची गरज नाही, वरूनच हात फिरवा." तो रेल्वेतला माणूस एकदा म्हणाला, "बाई, चुकून हात लागला तं काय होईल?"

"लागायले नाही पाहिजे," मी म्हटलं.

आता पाहा. माझ्या आजोबाच्या हातावर पाणी वरून ओतायचे, भांडं लागू नये म्हणून. त्याची नात चर्चच्या शेडमधे उभी राहून माणसांले सांगून राहिली होती का हात लागू देऊ नका. आणि त्याले ती धर्म म्हणून राहिली होती. एका बाईने एका सकाळी माझ्या अंगाजवळून अंगठा फिरवला, आणि मी त्याची रीत करून टाकली. दरवर्षी मन लावून शिकवली. फादर पुस्तकात पाहून वाचायचे, मान वर करायचे नाहीत. कोणी टोकलं नाही.

मंग यंदा सुनंदा आली.

सुनंदा बुटीबोरीच्या सूतगिरणीत कामाले. पाळीभर उभं राहायचं काम. पोटऱ्यांच्या शिरा वर आलेल्या, टाचांले भेगा. बोलायले फटकळ, हसायले मोकळी. पहिल्या दिवशी मी विचारलं, तुले काहून यायचं आहे? शिकलेले लोक या प्रश्नाले लांबलचक उत्तर देतात. ही म्हणाली, "सांगता येत नाही ताई. गिरणीत मले सगळे मशीनच्या नंबरने हाक मारतात. प्रार्थना करताना मले माझं नाव आठवते." मी वहीत तिचं नाव लिहून घेतलं.

तिच्यासाठी हे सोपं नव्हतं. घरी सासू बोलत नव्हती, दिरानं सांगून टाकलं होतं का नाताळ करायचा असेल तं वेगळी खोली पाहा. रविवारची सुट्टी मिळावी म्हणून ती दुसऱ्यांच्या पाळ्या करायची. आणि तिले यंदाच्या ईस्टरले बाप्तिस्मा पाहिजे होता. यंदाच. "पुढच्या वर्षीपर्यंत माझा धीर टिकते का नाही, मले माहीत नाही ताई," ती म्हणायची. मी म्हणायची, होते वं, काहून नाही होणार.

दारातल्या विधीबद्दल तिले समजावून सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं. "पायांवर पण काढतात?"

"हो."

"माझ्या पायांवर?"

"तुझ्याच पायांवर, मंग काय शेजारणीच्या?"

ती हसली नाही. खाली टाचांकडे पाहत राहिली.

यंदा फादर नवीन होते. त्यांच्या डोक्यात आलं का दोन्ही बॅचचा विधी एकत्र करू. सगळे एकच कुटुंब आहोत नं आपण, म्हणाले. त्यात सुनंदाची ठरलेली धर्माई आदल्या दिवशी गावाले गेली, तिच्या घरी मयत झाली होती. फादर म्हणाले, काही हरकत नाही, ग्लोरियाआंटी दोघींच्या धर्माई होतील. एक सुनंदा आणि दुसरी रेवती. रेवती इंग्रजी बॅचची. मनीषनगरले फ्लॅट, कंपनीत चांगली नोकरी, जोशी का कायशीक घरातली, पॅरिशमधल्या एका पोरासोबत तिचं लग्न ठरलेलं. पोरगी वाईट नाही. तिचा यात दोष नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

सकाळी सुनंदा आली ती नवीन चप्पल घालून. दारात काढून ठेवली. मी पाहिलं तं टाचा गुळगुळीत. रात्रपाळीवरून आल्यावर दगडाने घासल्या होत्या, खोबरेल तेल लावलं होतं. नखं कापलेली. "चांगले दिसून राहिले न?" तिने हळूच विचारलं. मी म्हटलं, "राणीचे पाय."

फादर म्हणाले, डोळे मिटा. सगळ्यांनी मिटले. मी बाजूले उभी होती, कॅटेकिस्ट म्हणून. माझे डोळे उघडे.

आंटी पहिले रेवतीकडे गेली. रेवतीच्या कपाळावर टिकली होती. आंटीने ती नखाने हळूच काढली, तिच्याच ओढणीवर चिकटवली, आणि कपाळावर अंगठा टेकवला. टेकवला म्हणजे दाबला. सावकाश, उभी रेघ, आडवी रेघ. मंग कान. मंग डोळ्यांच्या पापण्या, इतक्या हळू जसं तान्ह्या लेकराले झोपवून राहिली. ओठ. छाती. खांदे. तळहात आपल्या हातात घेऊन.

आणि मंग ग्लोरियाआंटी खाली बसली.

मिस्सेत गुडघे टेकायची वेळ आली तरी बाकावर बसून राहणारी बाई. माय नीज, माय नीज, म्हणजे माझे गुडघे, करून सगळ्यांले हैराण करणारी बाई. एक हात दाराच्या चौकटीले लावून ती खाली बसली आणि रेवतीच्या दोन्ही पायांवर तिने अंगठ्याने क्रूस काढला.

मी पाहतच राहिली. माझ्या डोक्यात पहिले आलं ते हे का, अवं बाई, आंटी चुकून राहिली! खरंच. मले वाटलं म्हातारी रीत विसरली.

मंग ती उठली. साडी झटकली. एक पाऊल सरकून सुनंदासमोर उभी राहिली. आणि बांगडी वाजली. हवेत.

तो आवाज मी ओळखला. इतकी वर्षं झाली तरी ओळखला. माझं कपाळ एकदम तापलं, कोणीतरी तवा धरावा समोर तसं. दोन बाया, एकच दार, एकच सकाळ, एकच अंगठा. आता समजायचं काय बाकी राहिलं होतं?

"आंटी, टेकवा," मी म्हटलं.

गाणं चालू होतं. तिले ऐकू आलं. अंगठा सुनंदाच्या डोळ्यांसमोर होता, तो ओठांसमोर आला.

"आंटी. टेकवा तिले."

"शू," ती म्हणाली. "इट्स सिम्बॉलिक. बाद में बात करेंगे."

"मंग रेवतीचं काय होतं?"

फादरांनी पुस्तकातून मान वर केली. मी पुढे होऊन तिचं मनगट धरलं. जोर नाही लावला, नुसतं धरलं आणि सुनंदाच्या कपाळाकडे नेलं. तिने हात ताठ केला. बाप्पा, काय ताकद म्हातारीत! अख्खं अंग मागे टाकून तिने तो अंगठा दूर ठेवला. तोंडाने एक शब्द नाही. मले आयुष्यात कोणी इतकं मोठ्याने नाही म्हटलं नव्हतं.

"सुनंदा, डोळे उघड," मी म्हटलं.

तिने उघडले. समोर आंटीचा ताठ हात, माझ्या हातात धरलेला. मी सोडला. आंटीने पर्समधून रुमाल काढला आणि मनगट पुसलं. मी जिथे धरलं होतं तिथेच. सगळ्यांसमोर, शांतपणे.

"प्लीज, प्लीज," फादर म्हणाले. "आत चला सगळे. देव मन पाहतो."

लोक आत गेले. गाणं मोठं झालं. काही बाया मागे वळून पाहून राहिल्या होत्या आणि नजर मिळाली का गाण्याच्या पुस्तकात शिरून राहिल्या होत्या. भित्र्या साऱ्या. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या कपाळालेही कोणाचा अंगठा लागला नसेल.

सुनंदा जागची हलली नाही.

"ताई, माझं झालं काय?"

खोटं बोलता आलं असतं. झालं म्हटलं असतं तं ती गेली असती आत, ईस्टरले पाणी घेतलं असतं, जन्मभर खूश राहिली असती. मी राहिली तशी.

"नाही झालं," मी म्हटलं.

तिने खाली पायांकडे पाहिलं. तेल लावलेले पाय. मंग म्हणाली, "मंग मी आत कशी जाऊ?"

पूर्ण मिस्सा आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो.

त्यानंतर ऑफिसमधे बोलावणं. टेबलामागे फादर आणि बाजूच्या खुर्चीत पॅरिश कौन्सिलचे सेक्रेटरी, कुठूनतरी मोठ्या पदावरून रिटायर झालेले. आंटी नव्हती. तिचं बीपी वाढलं होतं म्हणे. माझं बीपी कोणी विचारलं नाही.

"तुम्ही पवित्र विधीत हात घातला," फादर म्हणाले.

"मी हात घातला, आणि त्यांनी लावला नाही. यातलं जास्त वाईट काय, फादर?"

"पर्सनल नका बनवू. आंटीचं वय पाहा. त्यांचे गुडघे."

"रेवतीच्या वेळी गुडघे ठीक होते."

सेक्रेटरीसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "चर्चमधे जात नसते, मॅडम."

हे वाक्य मी खूप ऐकलं आहे. ज्यांच्याजवळ जात भरपूर असते तेच लोक म्हणतात. ज्याले ती सोसावी लागते त्याच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. मी त्यांच्याकडे पाहून राहिली. ते पेन उघडझाप करून राहिले.

मंग तोडगा निघाला. फादरांनी मोठ्या प्रेमाने सांगितला. येत्या रविवारी मिस्सेच्या आधी, सगळ्यांसमोर, मी आंटीची माफी मागायची. आंटी मले माफ करणार. नुसतं माफ नाही, त्या स्वतः पुढे येऊन माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढणार. टेकवून. "आंटी तयार आहेत," फादर म्हणाले, जसं काही जमीन लिहून देऊन राहिले. फोटो निघेल, पॅरिशच्या पत्रिकेत येईल. समेटाचं उदाहरण.

"आणि सुनंदाचं?"

"त्यांचं झालं असं समजू. ईस्टरले बाप्तिस्मा होईल."

"आणि मी नाही म्हटलं तं?"

"मंग पुढच्या वर्षी पाहू," फादर म्हणाले.

माझं कपाळ द्यायचं आणि सुनंदाले आत न्यायचं. सौदा वाईट नव्हता. खोटं काहून बोलू, माझं मन डळमळलं. त्या अंगठ्यासाठी माझं कपाळ किती वर्षं कोरडं होतं! संध्याकाळी बाबांकडे गेली. सगळं सांगितलं. ते आता थकले, ऐकू कमी येते. म्हणाले, "तुले त्या बाईकडून पाहिजे काय?"

"तिचा हात लागायले पाहिजे."

"लागला का मंग काय होईल?"

मी विचार करून राहिली. काय होईल? मी शुद्ध होईन? माझं कपाळ काय तिच्या मालकीचं होतं, का तिने पावती द्यावी? तो रेल्वेतला माणूस विचारून राहिला होता, हात लागला तं काय होईल, आणि बाबा विचारून राहिले होते, लागला तं काय होईल. घरी आली तेव्हा माझ्यातली ती हाव मेली होती. तिच्या अंगठ्याची हाव. मेली ते बरं झालं.

पण सुनंदाचं काय? तो तिचा प्रश्न होता, मी ठरवणारी कोण? दुसऱ्या दिवशी गिरणीच्या गेटवर जाऊन तिले तोडगा सांगितला. पाळी सुटली होती, केसांत कापूस. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं कपाळ देऊन मले आत घेऊन राहिले काय?"

"हो. तूच सांग काय करू. तुझा ईस्टर आहे."

"माझे पाय तसेच राहतील न मंग," ती म्हणाली. "त्यांचं कोणी नाव नाही घेतलं."

खरंच कोणी घेतलं नव्हतं. मीही नव्हतं.

रविवारी चर्च भरलेलं. अशी बातमी पसरायले वेळ लागत नाही, एरवी दाराशी उभे राहून तंबाखूचा खर्रा खाणारेही आत येऊन बसले होते. फोटोवाला पोझ सांगून राहिला होता. आंटी रेशमी साडीत. चेहऱ्यावर कसं दयाळू हसू, गरिबाच्या लग्नाले आल्यासारखं. फादरांनी माइकवर एकता, क्षमा, कुटुंब, जे काय म्हणायचं असते ते म्हटलं. आंटी पुढे आली. अंगठा वर केला. माझ्या कपाळाकडे आणला. आला, आला, अगदी जवळ आला, यावेळी खरंच टेकणार होता.

मी एक पाऊल मागे सरली.

अंगठा हवेत राहिला.

"आधी तिचे पाय," मी म्हटलं. माइक जवळ होता, सगळ्यांले ऐकू गेलं.

सुनंदा दारात उभी होती. चप्पल काढून. आंटीने तिकडे पाहिलं. मंग फादरांकडे पाहिलं. मंग म्हणाली, "माय नीज, फादर."

चर्चमधे कोणीतरी हसलं. मोठ्याने नाही, पण हसलं. रेवती पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती. फादर घाईघाईने म्हणाले, आपण गीत घेऊ या. आंटी वळली. खाली बसायची होती ती पायांपाशी, बसली जाऊन बाकावर.

मी माफी मागितली नाही. चालत दारात गेली आणि सुनंदाच्या बाजूले उभी राहिली.

आता शेडले कुलूप आहे. सायकली बाहेर उन्हात, कुलूप शेडले. मराठी बॅच काही काळासाठी थांबवली, असं माइकवर सांगितलं. रेवतीने मोबाईलवर सॉरी पाठवलं, रडक्या चेहऱ्यासकट. तिच्या सॉरीचं मी काय लोणचं घालू? तिले लाज वाटत असेल तं तिने उठून आंटीले सांगावं. बॅचमधले काही गेले सोडून. दवाखान्यातल्या आया म्हणाल्या, बाई, आमच्या पोरांचे ॲडमिशन आहेत चर्चच्या शाळेत. ठीक आहे. जे उरले ते वाडीले माझ्या खोलीत येतात. बाहेर ट्रक मागे घेताना किंचाळतात, मी तेवढा वेळ थांबते आणि पुढे शिकवते. सगळ्यात पहिले जुनी तालीम मोडली. त्या रेल्वेतल्या माणसाले मुद्दाम बोलावलं आणि सांगितलं, तुमचा प्रश्न बरोबर होता, मी शिकवलं ते चूक होतं. हात लागला पाहिजे. तो म्हणाला, "मले वाटलंच होतं, बाई." मंग वाटलं होतं तं बोलला काहून नाही लेका? पण ते मी स्वतःलेच विचारायले पाहिजे.

सुनंदाले मी म्हटलं होतं, मी काढते तुझ्या पायांवर क्रूस. मले तो अधिकार आहे, कॅटेकिस्ट काढू शकते. ती म्हणाली, "तुमचा हात मले रोजच लागते ताई. तुम्ही चहाचा कप देता तेव्हाही लागते. मले त्यांचा पाहिजे." आधी मले राग आला. मंग समजलं. मी मागत होती तो मेहेरबानीचा हात होता. ती मागते तो खाली बसलेला हात आहे. तिले आंटी नाही पाहिजे, तिले ते चर्च खाली बसलेलं पाहिजे.

म्हणून दर रविवारी आम्ही मोठ्या दारात उभ्या राहतो. कोणाले अडवत नाही. वाट सोडून उभ्या राहतो. तरी लोक आता बाजूच्या लहान दाराने आत जातात. आंटीही. गुडघे दुखतात त्या बाईचे, आणि लहान दाराले पायऱ्या जास्त आहेत, पण ती चढते.

ईस्टर येऊन राहिला. फादर निरोप पाठवतात, हट्ट सोडा. सुनंदाले पाणी देतील का नाही, मले माहीत नाही. तिचा धीर टिकते का नाही, तेही माहीत नाही. पण ती उभी आहे तोपर्यंत मी तिच्या बाजूले उभी आहे, आणि ती थकून घरी गेली तं मी एकटी उभी राहीन. बाबा म्हणाले होते, दारात काहून उभी राहून राहिली. तेव्हा मी आत घ्या म्हणून उभी होती. आता मी हिशेब मागायले उभी आहे.

माझ्यासमोर यापुढे कोणी डोळे मिटणार नाही. फादरांनी सांगितलं तरी नाही. मी प्रत्येक अंगठ्याकडे पाहणार, आणि जो हवेत फिरेल त्याचं मनगट धरणार, तिथेच, गाणं चालू असताना. पुसा मंग रुमालाने. ज्याले पायापर्यंत वाकता येत नाही, त्याने आमच्या कपाळापाशी येऊच नये.